सुटकेनंतर एक वर्ष, अकरा दिवस

वडोदरा स्थानकातून पूर्वेच्या बाजूने बाहेर पडले की सयाजीगंज लागते. एका अंगाला महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जुन्या इमारती, पलीकडे विश्वामित्रीकाठची सयाजीबाग आणि स्थानकाच्या तोंडाशी प्रवाशांना रात्रीपुरती खोली देणारी हॉटेले. अनैतिक व्यापार (प्रतिबंध) अधिनियमाचे, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘पिटा’चे, सातवे कलम हातात घेऊन हा नकाशा पाहावा. प्रार्थनास्थळ, शिक्षणसंस्था, वसतिगृह, इस्पितळ यांच्यापासून 200 मीटरच्या आत वेश्याव्यवसाय करणे हा त्या कलमाखाली गुन्हा आहे. 1956च्या मूळ कायद्यात हे अंतर 200 यार्ड होते. एवढ्या अंतराची वर्तुळे काढत गेले तर अशा दाट वस्तीत वर्तुळाबाहेर उरणारी जागा फार थोडी. म्हणजे जे काही घडते ते बंद दाराआड, दोन प्रौढ माणसांत घडले, तरी दार कुठल्या रस्त्यावर आहे यावरून त्याचा गुन्हा होऊ शकतो. स्थानकाजवळच्या खोल्यांवर पडणारे छापे समजून घ्यायचे तर सुरुवात या वर्तुळापासून करावी लागते.

हा कायदा 1 मे 1958 रोजी अमलात आला, तेव्हा सयाजीगंज आणि मुंबईचे मालाड एकाच राज्यात होते. बडोदे संस्थान 1949मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले होते आणि गुजरात वेगळा व्हायला अजून दोन वर्षे होती. मुंबईत त्याआधी 1923चा प्रांतिक वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा होता. नव्या कायद्यामागे न्यूयॉर्कला 1950मध्ये झालेला आंतरराष्ट्रीय करार होता. 1986च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले आणि व्याख्याही बदलली. आधी वेश्याव्यवसाय म्हणजे मोबदल्यासाठी स्त्रीने देह देणे असे लिहिले होते, दुरुस्तीनंतर ते व्यापारी हेतूने केलेले लैंगिक शोषण झाले. कागदावर बाई गुन्हेगाराच्या बाजूची उरली नाही, ती पीडित झाली. तिच्या वाट्याला प्रत्यक्षात काय आले ते पाहायचे तर एका छाप्याचे कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे लागतात. मालाडच्या 2019च्या प्रकरणात ते शक्य आहे, कारण ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकालपत्रात प्रत्येक पायरीची तारीख नोंदली गेली. त्यातल्या तीन तरुणींची नावे मी इथे देत नाही. त्या 20, 22 आणि 23 वर्षांच्या होत्या.

सुरुवात नेहमीच्या पद्धतीने होते. मालाडच्या एका गेस्ट हाऊसवर एक दलाल मुली पुरवतो, अशी खबर पोलिसांना मिळते. सापळा लागतो, बोगस गिऱ्हाईक पाठवले जाते, दलाल पकडला जातो आणि तिघींना ताब्यात घेतले जाते. बोगस गिऱ्हाईक हा अशा कारवाईचा कणाच आहे. त्याच्याजवळ नंबर टिपून ठेवलेल्या नोटा असतात, त्याचा इशारा मिळाला की पथक आत शिरते, आणि पुढे पंचनाम्यात त्या नोटा कोणाकडे सापडल्या यावर दलालाविरुद्धचा पुरावा उभा राहतो. बंद खोलीतल्या व्यवहाराला तिसरा साक्षीदार नसतो, म्हणून पोलीस तो स्वतः तयार करून आत पाठवतात.

या शिरण्यावर कायद्याने बंधने घातली आहेत. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर विशेष पोलीस अधिकाऱ्याने आपली कारणे आधी लिहून ठेवायची. त्याच भागातले दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवायचे, त्यांत किमान एक स्त्री हवी. पथकात किमान दोन महिला पोलीस हव्यात आणि खोलीत सापडलेल्या बाईची चौकशी महिला अधिकाऱ्याने करायची. पण या बंधनांची धार एका खटल्यात फार लवकर बोथट झाली, आणि तो खटला गुजरातमधूनच सर्वोच्च न्यायालयात गेला होता. झडतीच्या या अटी पाळल्या नाहीत तरी तेवढ्याने खटला रद्द होत नाही, आरोपीचे खरेच नुकसान झाले असेल तरच प्रश्न येतो, असा निर्णय 1960च्या दशकाच्या अखेरीला लागला. पोलिसांनी नियम पाळावेत असे न्यायालयाने बजावले होते, पण न पाळल्याची किंमत ठरवली नाही. अंमलबजावणीत पुढे आलेल्या सैलपणाचे एक मूळ मला इथे दिसते.

मालाडच्या तिघींना 13 सप्टेंबर 2019 रोजी माझगावच्या महानगर दंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले गेले. त्यांच्यावर आरोप नव्हता. दंडाधिकाऱ्यांनी परिवीक्षा अधिकाऱ्याकडून अहवाल मागवला आणि तोवर त्यांना देवनारच्या नवजीवन महिला वसतिगृहात ठेवण्याचा आदेश दिला. इथवरचे सगळे सतराव्या कलमाला धरून आहे. मुलीचे वय काय, घरची माणसे कोण, तिला परत पाठवले तर ती सुरक्षित राहील का, हे तपासायला थोडा वेळ लागतोच, आणि कायद्याने तो वेळ मोजूनही दिला आहे: तीन आठवडे.

ते तीन आठवडे 4 ऑक्टोबरला संपले. अंतिम आदेश झाला तो 19 ऑक्टोबरला, म्हणजे 36व्या दिवशी. मधल्या 15 दिवसांत या तीन सज्ञान स्त्रियांना कुलूपबंद ठेवायला कुठल्या कलमाचा आधार होता? तीन आठवड्यांपलीकडे, रीतसर अंतिम आदेशाशिवाय, ताबा ठेवण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला नाही, असे उच्च न्यायालयाने पुढे स्पष्ट लिहिले. वसतिगृहाच्या दाराशी मात्र 4 ऑक्टोबरला कोणी कॅलेंडर पाहिले नाही.

19 ऑक्टोबरच्या आदेशाने दंडाधिकाऱ्यांनी मुलींचा ताबा त्यांच्या आयांना द्यायला नकार दिला. परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अहवालातून असे पुढे आले होते की मुली बेडिया समाजाच्या आहेत, त्या समाजात वयात आलेल्या मुलीला या व्यवसायात पाठवण्याची रूढी आहे आणि आईवडिलांना याची कल्पना होती. म्हणून मुलींना घरी पाठवणे हिताचे नाही. त्यांना उत्तर प्रदेशातल्या संस्थेत एक वर्ष ठेवावे, त्यांची देखभाल व्हावी, त्यांना एखादे काम शिकवावे. या आदेशाविरुद्ध दिंडोशीच्या सत्र न्यायालयात अपील झाले. 22 नोव्हेंबर 2019 रोजी ते फेटाळले गेले.

या आदेशात वाईट हेतू मला दिसत नाही. आयांच्या हाती मुली सोपवल्या तर त्या पुन्हा त्याच दलालाकडे जातील ही भीती खरी असू शकते. या भीतीला मुंबईच्या न्यायालयांत इतिहासही आहे. मे 2002मध्ये सांताक्रूझला पडलेल्या छाप्यात 24 मुली-स्त्रिया सापडल्या होत्या. आरोपींचा वकीलच मुलींच्या सुटकेसाठी उभा राहिला, आणि ज्यांची वये तपासायला हवी होती अशा मुली सोडल्या गेल्या. प्रेरणा या संस्थेने उच्च न्यायालयात धाव घेतली. त्या वर्षी आलेल्या निकालाने अल्पवयीन मुलींच्या बाबतीत कडक बंधने घातली: चौकशीशिवाय सोडायचे नाही, आरोपीच्या वकिलाने मुलींची बाजू मांडायची नाही. तो निकाल अत्यंत गरजेचा होता. पण अल्पवयीन मुलीसाठी आखलेली काळजी जेव्हा 23 वर्षांच्या स्त्रीला लावली जाते, तेव्हा ती काळजी राहत नाही. मालाडच्या तिघींचे वय कोणत्याही कागदावर वादात नव्हते.

ती मग काय होते हे कळायला याच कायद्यातल्या शिक्षांशी तिची तुलना करून पाहावी. सातव्या कलमाखाली, म्हणजे शाळेजवळ किंवा देवळाजवळ व्यवसाय केल्याबद्दल, कैद होते जास्तीत जास्त तीन महिने. आठव्या कलमाखाली, रस्त्यावर उभे राहून गिऱ्हाईक बोलावल्याबद्दल, स्त्रीला पहिल्या वेळी जास्तीत जास्त सहा महिने किंवा 500 रुपयांपर्यंत दंड. सतराव्या कलमाखाली, पीडित म्हणून, संरक्षणगृहात मुक्काम एक ते तीन वर्षांचा. आरोपी ठरलेली बाई वकील मागू शकते, जामीन मागू शकते, दंड भरून घरी जाऊ शकते. आरोप नसलेल्या बाईला यातले काही मिळत नाही, कारण तिच्यावर खटलाच नसतो. तिचा निवाडा अहवालावरून होतो. तो अहवाल तिच्याविषयी असतो, आणि तिचे म्हणणे त्यात दुसऱ्याच्या शब्दांत येते. दंडाधिकाऱ्याने या कामी पाच प्रतिष्ठित व्यक्तींचे मंडळ बोलवावे, शक्य तेथे त्यांत तीन स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद याच कलमात आहे. तिथेही संबंधित बाईसाठी खुर्ची नाही.

तिघींनी उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली. टाळेबंदीचे महिने मध्येच आले. न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी 24 सप्टेंबर 2020 रोजी दोन्ही खालचे आदेश रद्द केले आणि तिघींना मुक्त करायला सांगितले. निकालाचा गाभा साधा आहे. वेश्याव्यवसाय हा या कायद्याखाली स्वतःहून गुन्हा नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या शरीराचा व्यापारासाठी वापर करणे, सार्वजनिक ठिकाणी व्यवसाय करणे किंवा गिऱ्हाईक खुणावणे. या तिघींनी यातले काही केल्याचे कागदपत्रांत नाही. त्या सज्ञान आहेत, हवे तिथे राहण्याचा, फिरण्याचा आणि आपला व्यवसाय निवडण्याचा त्यांना घटनादत्त हक्क आहे. संस्थेत पाठवण्याआधी त्यांची इच्छा विचारायला हवी होती. आणि दंडाधिकारी मुलींच्या जातीच्या माहितीने वाहवत गेल्याचे दिसते, हेही न्यायमूर्तींनी लिहून ठेवले. अहवालातली एक ओळ तीन माणसांचे वर्ष कसे ठरवू शकते, याची नोंद म्हणून हे वाक्य मला मोलाचे वाटते.

पण तारखा पुन्हा पाहाव्यात. 13 सप्टेंबर 2019 ते 24 सप्टेंबर 2020 म्हणजे एक वर्ष आणि अकरा दिवस. दंडाधिकाऱ्यांनी ठरवलेले वर्ष आदेशाच्या तारखेपासून मोजले, तर ते 19 ऑक्टोबर 2020ला आपोआपच संपणार होते. उच्च न्यायालयाने दिलेल्या न्यायाने वाचले ते 25 दिवस. निकाल पुढच्या प्रकरणांसाठी मोठा आहे. या तिघींसाठी तो जवळजवळ मुदत भरल्यावर आला.

खोलीतल्या पुरुषाचे काय होते, याचे उत्तर गुजरात उच्च न्यायालयाच्या 2017च्या एका निकालात मिळते. छाप्यात सापडलेल्या गिऱ्हाइकावर मानवी तस्करीचे, भारतीय दंड संहितेचे 370वे कलम लावले गेले होते. न्या. जे. बी. पारडीवाला यांनी सांगितले की स्त्री स्वेच्छेने हा व्यवसाय करत असेल तर तिच्या गिऱ्हाइकाला हे कलम लागत नाही. त्याला आधार होता. या कलमाचा नवा मसुदा सुचवणाऱ्या न्या. वर्मा समितीनेच फेब्रुवारी 2013मध्ये खुलासा केला होता की स्वेच्छेने व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांना त्यात ओढण्याचा तिचा हेतू नव्हता. तो माणूस आरोपी होता, म्हणूनच त्याला आपल्यावरचे कलम चुकीचे आहे असे सांगता आले. मालाडच्या तिघींपुढे खोडून काढायला कलमच नव्हते.

2022च्या मे महिन्यात मात्र सगळे बदलल्याची बातमी देशभर छापली गेली. 19 मे रोजी न्या. एल. नागेश्वर राव, न्या. भूषण गवई आणि न्या. बोपण्णा यांच्या खंडपीठाने दिलेल्या आदेशात, छाप्यात सापडलेल्या लैंगिक श्रमिक स्त्रियांना अटक करू नये, दंड करू नये, छळू नये, असे वाक्य खरोखर आहे. ते न्यायालयाने नेमलेल्या समितीच्या शिफारशींपैकी तिसरे आहे. आदेश पुढे वाचला की कळते, केंद्र सरकारने दुसरी, चौथी, पाचवी, सहावी, सातवी आणि नववी या शिफारशींखेरीज बाकीच्यांवर हरकत नोंदवली होती, आणि न्यायालयाने तातडीने पाळायला सांगितल्या त्या या सहाच. तिसरी त्यात नाही. म्हणजे छाप्याविषयीचे जे वाक्य सर्वांत जास्त छापले गेले, ते राज्यांवर बंधनकारक झालेच नाही. चौथी मात्र आहे. संरक्षणगृहांची पाहणी करून, तिथे इच्छेविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांची प्रकरणे तपासावीत आणि त्यांना ठराविक मुदतीत सोडावे, असे ती सांगते. सातवीही आहे: निरोध सापडणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये. गुजरातमध्ये ऑक्टोबर 2023मध्ये राज्यभर स्पा आणि हॉटेलांवर छापे पडले. तेव्हा किती ठिकाणे तपासली, किती जण अटकेत गेले हे आकडे जाहीर करण्याची घाई दिसली. तीच तत्परता चौथ्या शिफारशीच्या बाबतीत दाखवायला हवी: ताब्यात घेतलेल्या स्त्रिया 22व्या दिवशी कुठे होत्या, हे त्याच पत्रकात सांगायला हवे. सयाजीगंजच्या ठाण्याला हे सांगणे अवघड नाही. प्रत्येक प्रकरणात दंडाधिकाऱ्यासमोर हजर केल्याची तारीख नोंदलेली असते.

माझगावच्या न्यायालयात फेब्रुवारी 2023मध्ये मुलुंडच्या एका छाप्याचे प्रकरण आले. तिथे सापडलेली स्त्री 34 वर्षांची होती. मालाडच्या निकालाला तोवर दोन वर्षे उलटून गेली होती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशालाही वर्ष होत आले होते. 15 मार्चला दंडाधिकाऱ्यांनी तिला एक वर्षासाठी संरक्षणगृहात ठेवण्याचा आदेश दिला. ती अपिलात गेली. सत्र न्यायाधीश सी. व्ही. पाटील यांनी तो आदेश रद्द केला, ती सज्ञान आहे आणि देशात कुठेही राहण्या-फिरण्याचा हक्क तिला आहे असे सांगितले, आणि निकालात तिच्या दोन लहान मुलांचा उल्लेख केला. त्यांना आईची गरज आहे, असे तिथे लिहिले आहे.