ड्रॅगन-नक्षीचे लोकरी गालिचे व त्यांचा संग्रह

ड्रॅगन विणलेले जुने लोकरी गालिचे तिबेट, चीन, अनातोलिया आणि कॉकेशस या प्रदेशांतले. बर्लिनच्या इस्लामी कला संग्रहालयातला पंधराव्या शतकातला ‘ड्रॅगन आणि फिनिक्स’ गालिचा विशेष प्रसिद्ध. कॉकेशसमध्ये हाच प्राणी इतका कोनदार होतो की तो ओळखायला नजर तयार व्हावी लागते.

महाराष्ट्रात या परंपरेचा धागा गोंदिया जिल्ह्यात सापडतो. गोठणगावजवळ १९७२ मध्ये नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली आणि तिथे गालिचे विणले जाऊ लागले. तिबेटी विणीत लोकरीचा धागा ताण्यात अडकवताना आडव्या सळईभोवती घेतात. ओळ भरली की सळईवरचे फास सुरीने कापतात आणि मऊ लव उभी राहते. जुन्या गालिच्यांचा ताणा बहुधा लोकरीचा, निर्वासितांच्या विणकामात सहसा सुती. म्हणून संग्राहकाने नक्षीवर भाळण्याआधी गालिचा उलटवून टोकाचे धागे पाहावेत.

चीनच्या निंग्शियाचे खांब-गालिचे फारच देखणे: खांबाला गुंडाळून दोन्ही कडा जुळल्या की ड्रॅगनचा देह अखंड होतो.

शंभर वर्षांहून जुना गालिचा भारतात १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येऊ शकतो. पुरावस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाही.

पनवेलच्या खांदा कॉलनीसारख्या दमट वस्तीत लोकरीचे खरे शत्रू कसर आणि बुरशी. गालिचा घडी न घालता गुंडाळून ठेवावा, पावसाळ्यात अधूनमधून उलगडून दोन्ही बाजूंनी तपासावा.