कुष्ठरोग रक्तातून येतो का? नॉर्वेहून अमेरिकेत गेलेल्या पूर्वजांचा शोध

"जावयाच्या आजोबांना महारोग होता असं आत्ता कळलं. नातवंडांना काही धोका?" हा प्रश्न दवाखान्यात आजही विचारला जातो, आणि बहुधा दार लोटून घेऊन, हळू आवाजात. उत्तर "नाही" असे आहे. पण या उत्तरामागे एक मोठी हकीकत आहे. तिच्यात औषधापेक्षा वंशावळी जास्त आहेत.

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर कुष्ठरोग खूप होता. बर्गन हे शहर तर या रोगाच्या अभ्यासाचे केंद्रच बनले. तिथले नामवंत डॉक्टर डॅनिएल्सन यांचे ठाम मत होते की हा रोग आनुवंशिक आहे. तसे वाटणे स्वाभाविक होते, कारण रोग त्याच त्या घरांत दिसे. १८५६ पासून नॉर्वेने कुष्ठरुग्णांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. रुग्णाचे नाव, गाव, नातेवाईक, एवढेच नाही तर तो परदेशी गेला असेल तर तेही त्यात लिहिले जाई.

डॅनिएल्सन यांचेच जावई गेरहार्ड आर्मौअर हॅन्सन. १८७३ मध्ये त्यांना रुग्णांच्या गाठींत सूक्ष्म जंतू दिसले. सासऱ्याच्या मताविरुद्ध ते म्हणू लागले, की हा रोग संसर्गाचा आहे. पण हा जंतू प्रयोगशाळेत वाढेना, प्राण्यांना रोग होईना. पुराव्याच्या ओढीने त्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या डोळ्यात तिच्या संमतीशिवाय रोगद्रव्य टोचले. त्याबद्दल १८८० मध्ये न्यायालयाने त्यांची रुग्णालयातली जागा काढून घेतली. ते योग्यच झाले असे मला वाटते. शोध कितीही मोठा असला तरी.

पुरावा मिळाला तो दुसरीकडून. १८२५ साली एक लहान जहाज नॉर्वेतल्या स्टाव्हांगर बंदरातून न्यूयॉर्ककडे निघाले आणि पुढच्या शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन अमेरिकेत गेले. त्यांतले पुष्कळ मिनेसोटा, विस्कॉन्सिन आणि डाकोटा भागात शेती करू लागले. त्यांच्यात सुमारे १६० कुष्ठरुग्णही होते. १८८८ मध्ये हॅन्सन स्वतः तिकडे गेले. प्रश्न साधा होता: रोग रक्तात असेल, तर या लोकांच्या मुलानातवंडांत तो दिसलाच पाहिजे. रक्त काही समुद्रापलीकडे बदलत नाही.

हा शोध सोपा नव्हता. नॉर्वेत त्या काळी खेड्यापाड्यांत कायमचे आडनाव नसे. ओलेचा मुलगा हान्स म्हणजे हान्स ओल्सेन, आणि हान्सचा मुलगा मात्र हान्सेन. मुलगी असेल तर ओल्सदात्तर. शिवाय ज्या शेतवाडीवर राहतो तिचे नाव पुढे लागे; आपल्याकडच्या 'कर' लावलेल्या आडनावांसारखेच म्हणा, फक्त वाडी बदलली की हेही बदले. अमेरिकेत गेल्यावर कुणी बापाचे नाव धरले, कुणी वाडीचे. सख्ख्या भावांची आडनावेही वेगळी होत. नॉर्वेत कायम आडनावाची सक्ती झाली ती थेट १९२३ च्या कायद्याने. आजही पूर्वज शोधणाऱ्या नॉर्वेजियन-अमेरिकनांना आधी वाडीचे नाव आणि चर्चची नोंदवही शोधावी लागते.

हॅन्सन यांना जिवंत रुग्ण थोडेच सापडले. पण रुग्णांच्या वंशजांत, पार पणतवंडांपर्यंत, त्यांना एकही कुष्ठरुग्ण आढळला नाही. मग संसर्ग का झाला नाही? त्यांचे उत्तर राहणीमानाचे होते. मायदेशी एकाच खोलीत, एकाच अंथरुणात घर झोपे. नव्या देशात रुग्णाला वेगळी खोली, वेगळा बिछाना मिळाला, स्वच्छता वाढली.

आज आपण यात थोडी भर घालतो. सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. रोगाला बळी पडण्याची शक्यता काही अंशी जनुकांवर अवलंबून असते, पण रोग जनुकांतून येत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाचा दीर्घ, जवळचा सहवास लागतो, आणि लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीसही लागतात. म्हणून पणजोबांना काय होते यापेक्षा आज घरात कुणाच्या अंगावर बधिर, फिकट चट्टा आहे का, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. असेल तर सरकारी केंद्रात बहुविध औषधोपचार मोफत मिळतो, सहा ते बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो. घरातल्यांना तपासून रिफाम्पिसिनचा एक डोसही दिला जातो. आणि ज्यांच्या मनात अजून लग्नाची भीती आहे त्यांच्यासाठी: कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण आपल्या कायद्यांतून २०१९ मध्येच वगळले गेले आहे.

बर्गनमधील त्या जुन्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. २००१ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक स्मृतिठेव्याच्या यादीत स्थान दिले. एके काळी घराण्याचे नाव जाईल म्हणून जी नोंद लोक लपवत असत, तिच्याच आधारे आता त्यांचे वंशज आपला हरवलेला पूर्वज शोधू शकतात.