सागाच्या खोडातला पावसाचा हिशेब

मुंबईच्या गोदीत १८१७ साली जहाजबांधणी करणाऱ्या वाडिया घराण्याने मलबारच्या सागातून बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. म्हणजे त्या सागांनी अठराव्या शतकातल्या पावसाळ्यांत हवेतून घेतलेला कार्बन तिच्या मूळ लाकडात अजून टिकून आहे. जहाजबांधणीसाठी साग इतके तुटले, की १८४० च्या दशकात मलबारचे कलेक्टर कॉनोली यांनी निलंबूरला लागवड सुरू केली. लागवडीचा तो मार्ग आज कार्बन साठवण्यासाठीही सुचवला जातो. पण साग किती कार्बन साठवील, हे रोपांची संख्या एकटी ठरवत नाही; ते पाऊसही ठरवतो.

याचा पुरावा सागाच्याच खोडात आहे. उन्हाळ्यात पाने गाळणारा साग पावसाच्या सुमारास पालवतो आणि ओल असेतो नवे लाकूड चढवतो. त्यातून दर वर्षाचे एक वर्तुळ उमटते. संशोधक बेर्लागे यांनी १९३१ मध्ये जावाच्या सागांतून १५१४ पर्यंत मागे जाणारी वर्तुळांची मालिका मांडली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील संशोधकांनी केरळच्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका उभी केली. एल निनोच्या आणि दुबळ्या मान्सूनच्या वर्षांशी तिच्यातल्या अरुंद वर्तुळांचा मेळ बसतो.

झाडाचे वय, शेजारच्या झाडांची दाटी यांनीही वर्तुळ अरुंद होते, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच संशोधक वयाचा परिणाम वजा करतात आणि अनेक झाडांत एकाच वर्षी दिसणारी खूणच ग्राह्य धरतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हवेत कर्बवायू वाढला, तर झाडे जोमाने वाढणार नाहीत का? बोलिव्हिया, कॅमेरून आणि थायलंडमधील झाडांच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचे उत्तर दिले. दीडशे वर्षांत ती झाडे पाणी अधिक काटकसरीने वापरू लागली, पण खोडांची वाढ मात्र वेगावली नाही. वर्तुळात मुळांचा आणि मातीतल्या कार्बनचा हिशेब नसतो, हे खरे. तरी झाडातला दीर्घकाळ टिकणारा मोठा साठा खोडाचाच असतो. तेव्हा लागवडीच्या कार्बनचा अंदाज दुष्काळी वर्षे धरूनच बांधला पाहिजे. चांगल्या पावसाच्या भरवशावर रोपे मोजायची आणि तेवढ्या आधारावर कोळसा जाळत राहायचे, हा व्यवहार पाच शतकांच्या या नोंदीपुढे टिकत नाही.