दोन तिकिटांचं पत्र

जयपूरला आमचं बिऱ्हाड जोहरी बाजारातल्या एका बोळात, माडीवर होतं. आजोबा सांगलीकडचे, खानापूर तालुक्यातले. दुष्काळाला कंटाळून सोनं-चांदी गाळायला देशोदेशी पांगलेल्या घरांपैकी आमचं एक. मुशीचा आणि तेजाबाचा वास त्यांच्या धोतराला कायमचा चिकटलेला. आजी मात्र पन्नास वर्षं तिथं राहूनही खानापूरचीच राहिली. संक्रांतीच्या दिवसांत खाली गल्लीत हलवायांकडे फीणीचे ढीग लागलेले, गच्च्यांवरून ‘वो काटा’चा गलका, आणि वर माडीत ही भोगीच्या बाजरीच्या भाकरीवर तीळ थापत बसलेली.

धाकटा भाऊ जन्मला तोही संक्रांतीच्या तोंडावरच. बधाई मागायला किन्नर आले, तीन की चार, नक्की आठवत नाही; ढोलक मात्र आठवतं. समोरच्या चबुतऱ्यावरची पोरं त्यांच्यासारख्या टाळ्या पिटून नको ते शब्द फेकत होती. आजी पदर खोचून खाली उतरली. तिच्या माहेरी यल्लमाचे जोगते साडी नेसून, देवीचा जग डोईवर घेऊन दारी यायचे, चौंडकं वाजायचं. तिला यात परकं असं काही नव्हतंच. पुढच्या बाईला तिनं विचारलं, “नाम काय बाई तुमारा?”

ढोलकावरचा हात थांबला. बाईनं नाव सांगितलं. मी ते विसरले, आजीला मरेपर्यंत आठवत होतं. तिनं तिला हळदकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, मग नेग दिला. रात्री आम्हा पोरांना म्हणाली, “मानसाला नाव इचारावं रं. ठिवू न्हाई.”

आजोबांना राजवाड्याच्या गोष्टी फार. जनानी ड्योढीचा, म्हणजे राणीवशाचा, कारभार बघणाऱ्या हिजड्यांना तिथं नाझीर म्हणत. १८१८ साली महाराज जगतसिंह निपुत्रिक वारले, तेव्हा मोहन नाझीरानं नरवरचा एक लहान मुलगा आणून गादीवर बसवला. आजोबा हे असं सांगत, जणू पालखीला खांदा द्यायला तेच होते. पुढे मी राजस्थानचा इतिहास लिहिणाऱ्या कर्नल टॉडचं पुस्तक वाचलं. गोष्ट खरी निघाली, फक्त टॉडसाहेबांनी नाझीराला भरपूर नावं ठेवलेली. त्यानंतर साठ वर्षंही लोटली नव्हती, तोच १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा आला. तो जिथं लागू झाला त्या इंग्रजी मुलखात, नोंद झालेल्या हिजड्यानं बायकी कपडे घालून रस्त्यावर दिसणं किंवा नाचणं म्हणजे दोन वर्षांपर्यंतचा तुरुंग.

आमच्या घरात एक गोष्ट मात्र कुणी मोठ्यानं सांगत नसे. ती धाकट्या काकांची.

काकांनी लग्न केलं नाही. त्यांचे एक दोस्त होते, गणिताचे मास्तर, तिथलेच. संक्रांतीला काका पतंग उडवायचे आणि मास्तर चरखी धरायचे. मी दहा वर्षांची असेन, एका सकाळी आमच्या बोळाच्या भिंतीवर कोळशानं दोघांची नावं आणि पुढे एक शब्द लिहिलेला दिसला. आजीनं बादलीभर पाणी आणि काथ्या घेऊन तो घासून काढला. कोळसा गेला, पण गुलाबी चुन्यावर पांढरा ओरखडा राहिला. महिन्याभरात मास्तरांची शाळेतली नोकरी सुटली. लिहिणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही.

काकांच्या ट्रंकेत ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंक होते, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. र. धों. कर्वे १९२७ पासून १९५३ साली जाईपर्यंत ते मासिक एकहाती काढत राहिले. वाचक त्यात लाजेचे प्रश्न विचारत आणि कर्वे न लाजता उत्तरं देत. त्या उत्तरांपायीच १९३४ साली मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते बाबासाहेब आंबेडकर. प्रश्न विकृत आहेत, तर छापता कशाला, असं कोर्टानं विचारलं. विकृती वाटत असली तरी ती ज्ञानानंच जाईल, असं बाबासाहेबांचं म्हणणं. समलिंगी माणसांबद्दलही ते बोलले. हॅवलॉक एलिसचा दाखला देऊन, अशा माणसांना त्यांच्या रीतीनं सुख शोधू द्यायला हवं, असं त्यांनी मांडलं. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

ते दोनशे रुपये माझ्या डोक्यातून जात नाहीत. समजुतीनं उत्तर देणाऱ्याला दंड, आणि आमच्या भिंतीवर कोळसा चालवणारा मोकळा. द्वेषाच्या भाषेसाठी कायद्यात वेगळं कलम घाला आणि त्यात लैंगिक कल, लिंगओळख याही गोष्टी घ्या, असं विधी आयोगानं २०१७ साली सुचवलं होतं. नव्या न्याय संहितेत ते आलं नाही. २०१९च्या कायद्यानं तृतीयपंथी माणसाच्या शाब्दिक छळाला सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा ठेवली, पण काका-मास्तरांसारख्यांना तेवढाही आडोसा नाही. तसं कलम यावं असं मला मनापासून वाटतं. लगेच १९३४ आठवतं आणि धास्तीही वाटते, की त्याच कलमाचा कागद घेऊन शिपाई एखाद्या कर्व्यांच्याच दारी जायचा.

प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल जुलै २००९मध्ये आला, तेव्हा काका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मोतीबिंदूमुळे पेपर मी वाचून दाखवला. “पुन्हा वाच,” म्हणाले. दुसऱ्यांदा वाचताना मास्तर आत येऊन उंबऱ्याशी उभे राहिले होते. काका २०११ साली गेले. ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, तो दिवस त्यांना बघावा लागला नाही. आणि त्याच न्यायालयानं तो गुन्हा पुन्हा पुसून टाकला, तो ६ सप्टेंबर २०१८ही दिसला नाही.

काकांनी तरुणपणी कर्व्यांना पत्र लिहिलं होतं, असं आत्या म्हणायची. उत्तर छापून आलं की नाही, यावर घरात कधी एकमत झालं नाही. ट्रंकेतले अंक मी पानन् पान चाळले. कसर लागलेल्या पानांत काही हाती आलं नाही. शेवटी मास्तरांनाच विचारलं. तेव्हा ते पंच्याऐंशीच्या घरात होते, समोर फीणीची बशी होती.

“लिहिलं होतं ना,” ते म्हणाले. “त्रिपोलियाच्या पेटीत मीच टाकून आलो. तुमची मराठी मला वाचता येत नव्हती. पण काय लिहिलंय ते ठाऊक होतं. मुंबई लांब, वाटेत अडकायला नको, म्हणून मी तिकिटं दोन लावली.”