बुडवलेलं सफरचंद

दसरा होऊन गेला की फरीदाबादच्या डबुआ मंडीत सफरचंदाच्या पेट्यांच्या थप्प्या लागतात. हिमाचलचा माल ओसरत आलेला असतो आणि काश्मीरचा सुरू झालेला. गेल्या वर्षी कोजागरीच्या सुमाराला मी तिथून एक पेटी आणली आणि सोसायटीतल्या पोरांसाठी सफरचंदं चॉकलेटमध्ये बुडवून काढली. दूध आटवायचं सोडून हे काय विलायती खूळ, असं एका शेजाऱ्यांनी विचारलं. त्यांचा रोख चॉकलेटवर होता. सफरचंद त्यांना आपलंच वाटत होतं.

आपलंच म्हणावं, तर आपल्या भाषेनं त्याला दिलेलं नावसुद्धा पाहुणं दिसतं. अरबीत 'सफरजल' म्हणजे बिही, काश्मिरी लोक जिला बमचूंठ म्हणतात ते आंबट-तुरट फळ. आपलं 'सफरचंद' त्याच शब्दाचा अवतार असावा असं मला वाटतं. प्रवास आणि चंद्र यांचा त्याच्याशी संबंध नसावा, कितीही गोड वाटला तरी. काश्मीरची अंबरी ही जुनी, देशी जात. पण मंडीत आज जे लालभडक, खाली पाच उंचवटे असलेलं फळ दिसतं, ते अमेरिकेतलं. आयोवा राज्यातल्या पेरू गावी जेसी हायट नावाच्या शेतकऱ्याच्या बागेत एक रोप ओळ सोडून उगवलं. त्यानं ते छाटलं, ते पुन्हा फुटलं, अशी गोष्ट सांगतात. 1893 च्या सुमाराला स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेनं त्याचे हक्क घेतले आणि त्याला 'डिलिशस' नाव दिलं.

हिमाचलात त्याआधीही सफरचंद होतं. कुलूजवळ बंदरोलला कॅप्टन ली यांनी 1870 मध्ये इंग्लंडहून कलमं आणून बाग लावली होती. पण ती फळं आंबटसर, साहेबाच्या जिभेची. ते चित्र बदललं सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यांनी. फिलाडेल्फियाच्या सधन घरातला हा तरुण 1904 मध्ये सपाटूला कुष्ठरोग्यांची सेवा करायला आला, कोटगढला स्थायिक झाला, तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. 1916 मध्ये त्यानं रेड डिलिशसची रोपं आणून लावली. गोडी आपल्या जिभेला मानवणारी होती. पुढे असहकाराच्या चळवळीत स्टोक्स तुरुंगात गेले, 1932 मध्ये हिंदू होऊन सत्यानंद झाले, आणि स्वातंत्र्य यायच्या एक वर्ष आधी वारले. माझ्या शेजाऱ्यांचं 'आपलं' सफरचंद हे असं, शंभराहून थोड्याच अधिक वर्षांचं.

त्यापूर्वी दिल्लीच्या मैदानात उत्तम फळ यायचं ते वायव्येकडून. काबूलची द्राक्षं कापसात गुंडाळून लाकडी डब्यांतून येत. पोविंदे व्यापारी हिवाळ्याच्या तोंडाला उंटांचे तांडे घेऊन गोमल खिंडीतून डेरा इस्माईल खानकडे उतरत. फरीदाबादशी या दिशेचं नातं जुनं आहे. जहांगीरच्या काळात, 1607 मध्ये, शेख फरीदनं वसवलेलं हे गाव. 1757 च्या सुरुवातीला अंताजी माणकेश्वराच्या मराठ्यांची अब्दालीच्या फौजेशी गाठ पडली तीही इथेच. आणि फाळणीनंतर त्याच दिशेनं माणसं आली. बन्नू, कोहाट, डेरा इस्माईल खान, पेशावर इथले निर्वासित, सुमारे 50,000. 1949 मध्ये राजेंद्र प्रसादांच्या अध्यक्षतेखाली मंडळ नेमलं गेलं, सुधीर घोष कारभारी झाले, कमलादेवी चट्टोपाध्यायांच्या सहकारी संघाचे कार्यकर्ते कामाला लागले, आणि व्यापार-दुकानदारी केलेल्या या लोकांनी स्वतः विटा-माती उचलून आपली घरं बांधली. आजचं एनआयटी ते हेच. फळांची ती जुनी वाट मात्र माणसांच्या मागोमाग आटत गेली, आणि सफरचंद उत्तरेच्या डोंगरांतून येऊ लागलं.

चॉकलेटचा इतिहास याहून परका, पण थोडक्यात सांगण्यासारखा. व्हॅन हाउटेननं 1828 मध्ये कोकोतून लोणी वेगळं काढण्याचं तंत्र बसवलं नसतं, तर बुडवण्याजोगं चॉकलेट झालंच नसतं. भारतात कॅडबरी 1948 मध्ये आली, ठाण्याचा कारखाना 1966 चा. मी मात्र घेतली ती कंपाउंडची लादी, आणि दुकानात तिच्यावर 'मोर्डे' हे नाव वाचून बरं वाटलं. मंचरला कारखाना असलेली ती आपल्याकडची कंपनी. शुद्ध चॉकलेटमधलं कोकोचं लोणी चौतीस अंशांच्या आसपास वितळतं, आणि आमच्या ऑक्टोबरची दुपार त्याच्या जवळपास जाते. कंपाउंडमध्ये वनस्पती तेलाची चरबी असते. चव उणी, पण ते टिकतं.

खरी मेहनत मेण काढण्याची. चकाकीसाठी फळाला मेण लावलेलं असतं, त्यावरून चॉकलेट घसरून जातं. कढत पाण्यात क्षणभर बुडवून खरखरीत कापडानं घासायचं, मग पूर्ण कोरडं करायचं. पाण्याचा एक थेंब भांड्यात पडला तरी चॉकलेट आळून गोळा होतं. फ्रिजमधलं फळ तर नकोच, त्याला घाम फुटतो. पहिल्या दोन सफरचंदांवर मी हे सगळं शिकले. देठाच्या जागी आईस्क्रीमची काडी खोचली, चॉकलेटवर शेंगदाण्याचं जाडसर कूट भुरभुरलं.

पोरांनी चॉकलेट खाल्लं आणि निम्मी सफरचंदं तशीच टाकली. खालच्या मजल्यावरच्या आजी बन्नूच्या. 1947 मध्ये त्या सात वर्षांच्या होत्या. त्यांना मी एक नेऊन दिलं. त्यांनी काडी उपटली, सुरीनं चॉकलेट सोलून बशीत बाजूला ठेवलं, फोड तोंडात घातली आणि मला म्हणाल्या, "बेटा, आमच्या बाजारात पोविंदे फळ आणायचे तेव्हा उंटांच्या घंटा आधी ऐकू यायच्या." मग बशीतलं चॉकलेटही त्यांनी खाल्लं.