कोरणयंत्रांचा जीर्णोद्धार

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करतांना गाभाऱ्यास हात लावावयाचा कीं नाहीं, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. यंत्रांच्या बाबतींत तो सहसा उद्भवत नसे. यंत्र थकलें कीं मोडींत काढावयाचें, हाच शिरस्ता. परंतु अलीकडे अक्षरें कोरणाऱ्या जुन्या यंत्रांना नवीन इलेक्ट्रॉनिक मंडलें जोडून हौशी मंडळी तीं पुनः चालतीं करूं लागली आहेत, आणि त्यांतील गाभारा कोणता व सभामंडप कोणता, हें ठरविणें भाग पडलें आहे. त्यासाठीं थोडें मागें जाऊन पाहिलें पाहिजे.

आपल्या मुंबईंतच पाहावें. जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या देवनागरी टाइपाचें देखणेंपण राणोजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या बोटांत होतें. पोलादी कांबीच्या टोंकावर अक्षर उलटें व उठावाचें कोरावयाचें. दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर ठसा उमटवून पाहावयाचा. पुनः कानस, पुनः ठसा. मनासारखें उतरलें म्हणजे पोलादास पाणी द्यावयाचें आणि तो पंच तांब्याच्या तुकड्यांत ठोकून मातृका करावयाची. त्या मातृकेंत ओतला तो खिळा. पंच मोडला तर त्याच्यासारखा दुसरा त्याच हातूनहि होत नसे. होई तो त्याचा भाऊ.

हीच अडचण अमेरिकेंत फार मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. ३ जुलै १८८६ रोजीं न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या छापखान्यांत ऑट्मार मर्गेंथालर याचें लायनोटाइप यंत्र चालूं लागलें. या यंत्रांत प्रत्येक अक्षराच्या अनेक पितळी मातृका खेळत्या असाव्या लागतात. त्या ठोकतां ठोकतां पंच मोडत, आणि नवे घडविणारे कारागीर पुरे पडत ना. या पेंचांतून लायनोटाइपला सोडविलें तें मिल्वॉकीच्या लिन बॉइड बेंटन (१८४४–१९३२) यानें. त्याच्या कोरणयंत्राचें पेटंट १८८५ चें. म्हणजे तें लायनोटाइपसाठीं जन्मलेंच नव्हतें, स्वतःच्या एका टाइपासाठीं त्यानें तें रचलें होतें. इतिहासांत असे योग बरेच येतात.

तत्त्व मात्र जुनेंच होतें. ख्रिस्तोफ शायनर या जर्मन जेझुइट पंडितानें १६०३ त पँटोग्राफ तयार केला व १६३१ त त्याचें वर्णन छापलें. दांड्यांच्या जुळणीच्या एका ठिकाणचा कांटा आकृतीवर फिरविला कीं दुसऱ्या ठिकाणची लेखणी तीच आकृति लहान वा मोठी करून काढते. बेंटननें हें तत्त्व उभ्या यंत्रांत आणलें, आणि लेखणीचें काम गरगर फिरणाऱ्या पात्याकडे दिलें. खालीं मोठ्या अक्षराचा नमुना, वर धातूचा तुकडा. प्रथम जाड कांटा व जाड पातें, मग दोन्ही बारीक. नमुना एकच ठेवून अक्षर किंचित् रुंद, अरुंद वा तिरपें करण्याचीहि त्यांत सोय होती. कारागिराचा हात हद्दपार झाला नाहीं. तो पोलादावरून कांट्यावर आला.

कांट्यावरचाहि हात सुटला तो विसाव्या शतकांत. मिशिगनमधील जॉन पार्सन्स हा हेलिकॉप्टरच्या पात्यांसंबंधीं खटपट करीत होता. तिच्यांतूनच मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीनें १९५२ त आंकड्यांच्या हुकुमावर चालणारें तासणयंत्र करून दाखविलें. त्याचा मेंदू निर्वात नळ्यांचा, कपाटेंच्या कपाटें व्यापणारा. १९७१ पासून मायक्रोप्रोसेसर बाजारांत आले आणि ऐशींच्या दशकांत तोच मेंदू टेबलावरच्या पेटींत मावूं लागला. दारावरच्या पाट्या, पदकें, ढाली कोरणारीं यंत्रें त्या दशकापासूनचीं.

आणि नवल असें कीं, आजोबा अजून धडधाकट असतांना आधीं मोडींत निघालीं तीं हीं नातवंडें. त्यांचें बीड, मळसूत्रें, मोटरा यांस फारसें कांहीं झालेलें नसतें. संधारकांतील द्रव वाळतो. स्मृतीच्या चकतींत सांठविलेला भार वर्षानुवर्षें झिरपून आज्ञावली पुसट होते. तिला समजणारा संगणक केव्हांच नाहींसा झालेला असतो. कारखानदार म्हणतो, नवें घ्या. देह शाबूत आणि मेंदू गेलेला, अशी ही अवस्था.

येथें हौशी माणूस पुढें येतो. इटलींतील इव्रेआ गांवीं २००५ सालीं आर्डुइनो नांवाची स्वस्त विद्युत्-पाटी विद्यार्थ्यांकरितां निघाली. ऑलिव्हेटीचे टंकलेखक ज्या गांवीं तयार होत, तेंच हें गांव. पुढें २००९ त नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यानें त्या पाटीसाठीं 'जीआरबीएल' ही आज्ञावली लिहून सर्वांस मोकळी केली. जिच्यांत सारे मिळून बत्तीस किलोबाइट मावतात, अशी ही इवलीशी चकती. पण तीन दिशांच्या मोटरांस ताल धरावयास लावते.

जोडणीचें काम मात्र वाटतें तितकें सोपें नाहीं. जुन्या स्टेपर मोटरीस, म्हणजे पावलापावलानें फिरणाऱ्या मोटरीस, पुष्कळदां सहा तारा असतात. कोणती जोडी कोणत्या वेटोळ्याची, हें रोध मोजून ओळखावें लागतें. पातें फिरविणाऱ्या मोटरीच्या विद्युत्-गोंगाटानें मर्यादेची कळ दाबली गेल्याचा भास होऊन यंत्र मध्येंच थबकतें. मग तारांस कवच घाला, प्रकाशाच्या दुव्यानें मंडलें विलग करा, हे उपाय आले. समजा, मोटर एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते आणि मळसूत्र एका फेऱ्यांत ४ मिलिमीटर सरकवितें. एक पाऊल ०.०२ मिलिमीटरचें झालें. नव्या मंडलानें त्याचे आठ भाग केले तर ०.००२५ मिलिमीटर. आंकडा ऐकून मन हुरळतें. परंतु झिजलेल्या नटांत ०.१ मिलिमीटर ढिलाई असेल तर दिशा बदलतांना अशीं चाळीस सूक्ष्म पावलें फुकट जातात, आणि 'ठ'चें वाटोळें पोट चार ठिकाणीं चेपल्यासारखें दिसतें. विकत आणलेला मेंदू हातांतला सांधेदुखीचा विकार घालवीत नाहीं. नट बदला, गाइडवरचें वाळलेलें वंगण खरवडा; जीर्णोद्धाराचें निम्मे अधिक काम हें असें तेलकट असतें, आणि त्याची छायाचित्रें कोणी काढीत नाहीं.

येथपर्यंत माझा आक्षेप कांहींच नाहीं. या यंत्रांस मेंदू पहिल्यापासून होताच. जुना काढून, जपून ठेवून, नवा बसविला. नवें भोंक न पाडतां, जुन्याच खुंट्यांवर तो बसावा आणि उद्यां कोणास मूळचें मंडल परत लावावयाचें तर लावतां यावें, एवढें पथ्य पाळलें म्हणजे झालें. परंतु कांहीं उत्साही मंडळी हातानें चालणाऱ्या पँटोग्राफच्या कांट्यासच मोटरा बसवितात, तें मला मानवत नाहीं. धातूचा कठीण ठिपका पात्याला अडला कीं तो दांडीवाटे बोटांस कळतो आणि हात आपोआप मंदावतो. तें कळणें हाच त्या यंत्राचा गाभारा. तेथें मोटर आली कीं उरते ती बीडाची चौकट, आणि तिच्यांतहि बहुधा चार नवीं भोंकें.

हा वाद केवळ चोखंदळपणाचा नाहीं, कारण यंत्रें उरलींच आहेत किती? १८९२ त तेवीस कारखाने एकत्र येऊन झालेली अमेरिकन टाइप फाउंडर्स ही संस्था, जिच्यांत बेंटनचें आयुष्य गेलें, १९९३ त बुडाली. न्यू जर्सींतील एलिझाबेथ येथें तिचा लिलाव झाला, तेव्हां भंगारवाले वजनावर बोली लावीत होते. कांहीं थोड्या टाइपप्रेमींनीं पदरमोड करून जें सोडविलें, तेवढें राहिलें. कॅनडांतील जिम रिमर (१९३४–२०१०) यांनीं 'स्टर्न' नांवाचा टाइप २००८ त एकाच वेळीं संगणकासाठीं व शिशांत काढला. त्याच्या मातृका त्यांनीं पँटोग्राफवरच कोरल्या होत्या. अक्षराच्या रेखाटनांत संगणक, आणि कांट्यावर माणसाचा हात! मला ही वांटणी पसंत आहे.

देवनागरीस ती विशेष उपयोगाची आहे. फिरतें पातें गोल असतें. तें कितीहि बारीक घेतलें तरी आंतल्या कोपऱ्यांत शिरत नाहीं. उठावाचा पंच कोरला तर शिरोरेखा व उभा दंड जेथें मिळतात तो कोन गोलसर राहतो. खोल मातृका कोरली तर तो कोन साधतो, पण शिरोरेखेचीं टोंकें बोथट होतात. आपल्या लिपींत असे सांधे जवळजवळ प्रत्येक अक्षरांत. आर्डुइनोचें यंत्र असो वा बेंटनचें, पातें थांबल्यावर तुकडा शेगड्यांत आवळून, डोळ्यास भिंग लावून, ते कोपरे हातांतल्या कोरणीनेंच साफ करावे लागतात.