भूमध्य सागराकाठची तीन रात्रींची वस्ती

२०१८ सालच्या डिसेंबर महिन्यात आम्ही उभयता इस्रायलच्या सहलीला गेलो होतो. त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीहून तेल अवीवला थेट विमान सुरू झाले होते आणि निवृत्तीनंतर हाताशी थोडा वेळही होता. मंडळींसोबतचा ठरलेला कार्यक्रम आटोपल्यावर आम्ही आणखी तीन रात्री मागे राहिलो. त्या अश्कलोन या समुद्रकाठच्या गावी काढल्या. त्या वस्तीची हकीकत आणि तिच्या अनुषंगाने एका मराठी समाजाचा थोडा इतिहास वाचकांपुढे ठेवावा, असा या लेखाचा हेतू आहे.

आमचे उतरण्याचे ठिकाण साधे होते. तीन मजल्यांची जुनी इमारत, खाली दहाबारा मेजांची भोजनाची खोली, गल्ल्यावर मालकाचा जावई. समुद्र दिसणारी खोली मिळेल असे कबूल झाले होते. प्रत्यक्षात खिडकीतून शेजारच्या गच्चीवरील पाण्याच्या टाक्या आणि सूर्यकिरणांवर पाणी तापवणाऱ्या काचेच्या पेट्या दिसत. त्या देशात १९८० पासून नव्या घरांवर अशी सोय कायद्यानेच सक्तीची आहे, हे नंतर कळले. मान वाकडी केली की दोन टाक्यांच्या मधून निळ्या पाण्याची वीतभर पट्टी दिसे. आम्ही तक्रार केली नाही. नोकरीत असताना जिल्ह्यातील कितीतरी विश्रामगृहांत कंदिलाच्या उजेडात रात्री काढल्या होत्या, त्या मानाने येथे गादी कोरडी होती आणि पाणी ऊन होते.

अश्कलोन हे नाव बायबलमध्ये येते, तसे ते स्वयंपाकघरातही पोहोचले आहे. इंग्रजीत ज्या लहान कांद्याला शॅलॉट म्हणतात, त्याचे नाव या गावावरूनच पडले. गावाच्या जुन्या टेकाडावर कनानी लोकांनी सुमारे ३८०० वर्षांपूर्वी बांधलेली मातीच्या विटांची कमानदार वेस आजही उभी आहे. इ. स. पूर्व ६०४ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेसरने हे नगर जाळले. ११५३ मध्ये ते क्रूसेडवाल्यांनी घेतले. ११९१ मध्ये, ते शत्रूच्या हाती पडू नये म्हणून, खुद्द सलाउद्दीनने त्याचा तट पाडला आणि १२७० मध्ये बैबर्सने उरलेसुरले उद्ध्वस्त केले. पुढे जवळच मजदल नावाचे अरब विणकरांचे गाव नांदत होते. १९४८ च्या युद्धात तेथील बहुतेक लोक परागंदा झाले आणि उरलेल्यांना १९५० मध्ये गाझाकडे जावे लागले. त्यांच्या घरांतून मग देशोदेशींचे ज्यू निर्वासित राहू लागले. गाझाची सीमा तेथून दहाबारा मैलांच्याही आत आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर त्या सीमेच्या दोन्ही अंगांस जे घडले ते सर्वांना ठाऊक आहे. आम्ही गेलो तेव्हाही गावात ठिकठिकाणी काँक्रीटचे आडोसे होते आणि हॉटेलच्या जिन्याखाली आसऱ्याची खोली होती. ज्या भूमीवर एकाचे येणे आणि दुसऱ्याचे जाणे एकाच पानावर लिहिलेले असते, तेथे इतिहास वाचताना आवाज खाली ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही न्याहारीला बसलो. काकडी, टोमॅटो, पांढरे चीज, उकडलेली अंडी, ऑलिव्ह. आमच्या सौभाग्यवती हलक्या आवाजात म्हणाल्या, "लोणच्याची बाटली खोलीतच राहिली की हो." मेज पुसणाऱ्या सत्तरीच्या बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "कसलं लोणचं, ताई? कैरीचं का लिंबाचं?"

बाई मूळच्या पेण तालुक्यातल्या. नऊ वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर आलेल्या. त्या क्षणापासून आम्ही हॉटेलचे गिऱ्हाईक उरलो नाही. त्यांनी आम्हांस भाऊ म्हटले आणि आम्ही त्यांना ताई म्हणू लागलो. त्यांची मराठी कुलाबा जिल्ह्यातली, साठ वर्षांपूर्वीची. तीत 'न्याहारी', 'कालवण', 'दर्या' असे शब्द होते. 'टेन्शन' नव्हते.

बेने इस्राएल समाजाची कथा कोकणाबाहेरील मराठी माणसास फारशी ठाऊक नसते. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज ज्या गलबतातून येत होते ते अलिबागजवळील नवगाव येथे फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पोथ्या बुडाल्या, भाषाही काळाच्या ओघात गेली. उरला तो शनिवारचा विसावा, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि शमा ही एक प्रार्थना. हे लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. पुढे दाविद राहाबी नावाच्या एका धर्मबांधवाने त्यांना ओळखले. त्याने बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले, तेव्हा त्यांनी पंख आणि खवले असलेलेच तेवढे निवडले, अशी आख्यायिका आहे. यातील किती इतिहास आणि किती श्रद्धा याचा निवाडा करणे कठीण. परंतु पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावे मात्र बिनतोड पुरावा आहेत. गावचे नाव कपाळावर घेऊन फिरणारा हा समाज आपल्याइतकाच मराठी होता.

इंग्रजी अमदानीत ही मंडळी मुंबईस आली, पलटणीत शिरली, कचेऱ्यांत कारकून झाली. सामाजी हसाजी दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. समाजात त्यास 'मशीद'च म्हणत आणि मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच आले असे मानले जाते. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाची हगादा ही पोथी मराठी भाषांतरासह छापली गेली. १८७४ साली पुण्यात निघालेल्या आवृत्तीतील चित्रांत लुगडी नेसलेल्या स्त्रिया सणाच्या भाकऱ्या करताना दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने रचली आणि टाळ-पेटीच्या साथीने केली. याच समाजातील हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास आपल्या लोकांचा इतिहास लिहून पूर्ण केला. तो छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर.

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात या समाजाची वस्ती सुमारे वीस हजार होती. आज ती चार-पाच हजारांच्या घरात असावी. बाकीचे गेले. येथे कोणी त्यांना छळले नव्हते, हे ते स्वतः आवर्जून सांगतात. प्रार्थनेतले यरुशलेम डोळ्यांनी पाहावे ही ओढ त्यांना घेऊन गेली. पण तिकडे पहिली वर्षे कष्टाची गेली. वाळवंटातल्या नव्या गावांतून घरे मिळाली, कामे अंगमेहनतीची होती. १९५२ मध्ये काही कुटुंबांनी उपोषणे-धरणी करून परतीचा मार्ग मागितला आणि ती भारतात परतली. त्यांतली बरीच पुढे पुन्हा तिकडेच गेली. १९६०च्या दशकाच्या आरंभी तेथील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांबाबत त्यांच्या वंशशुद्धतेची चौकशी मागितली. तेव्हा समाजाने मोठे आंदोलन केले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये त्या देशाच्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले. ताईंचे वडील त्या आंदोलनात यरुशलेमला जाऊन बसले होते. "मुलुखात आम्ही वेगळे म्हणून ओळखले जायचो," त्या म्हणाल्या, "आणि इथं आलो तर हे विचारतात, तुम्ही आमचेच कशावरून? बाबा त्या दिवशी फार रडले होते."

शुक्रवारी संध्याकाळी गावातली दुकाने मिटली आणि रस्ते सुने झाले. बाहेर पाऊस होता. तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो. ताईंनी आम्हांस घरी जेवायला बोलावले. नारळाच्या दुधातले माशाचे कालवण, भात आणि खजुराचा गोड पदार्थ. त्यांच्याकडे शुभकार्यात एलिया प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असा तो प्रकार. "नारळ महाग पडतो इथं," त्या म्हणाल्या, "पण मलिद्याला नारळ नाही म्हणजे मलिदा नाही." त्यांच्या आईला या समुद्राचे मात्र कधी पटले नाही. भूमध्य सागरास भरती-ओहोटी जवळजवळ नसते. कोकणात ओहोटी लागली की आई टोपली घेऊन कालवे काढणाऱ्या शेजारणींशी गप्पा मारायला खडकावर जायची. स्वतः ती कालवे खात नसे, धर्माला चालत नाहीत. "हा कसला दर्या," ती म्हणायची, "मागं सरतच नाही, बायांनी बसायचं कुठं?"

जेवणानंतर ताईंनी कपाटातून एक वही काढली. पाने पिवळी, शिलाई सुटलेली. वडिलांनी बालबोध अक्षरात उतरून घेतलेली कीर्तने होती. वडिलांच्या स्मृतिदिनी त्या वहीतले एखादे पान त्या वाचतात. मुलगा आणि सुना उभे राहून ऐकतात. त्यांना अर्थ कळत नाही. घर बदलताना ती वही रद्दीत जायची राहिली, असेही त्यांनी सांगितले. तेथे मायबोली नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे, परंतु वाचणारे डोळे साठीच्या पुढचेच.

मग त्यांनी आमची विचारपूस केली. आम्ही जरा अभिमानानेच सांगू लागलो. आदिलाबाद जिल्हा १९०५ मध्ये निजामाच्या राज्यात निर्माण झाला. किनवट आणि राजुरा हे तालुके त्यातच होते. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत ते पलीकडे गेले, उलट नांदेडचा मुधोळ तालुका इकडे आला. पैनगंगा मध्ये राहिली, सोयरिकी दोन्ही तीरांवर राहिल्या. २०१४ मध्ये तेलंगणा झाले, २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले आणि मुधोळ, भैंसा, बासर निर्मलमध्ये गेले. आम्ही जागचे हललो नाही, आमच्या अंगावरून सरहद्दी फिरल्या. कचेरीत उर्दू, मग तेलुगू, घरात मराठी. बोथ, बेला, जैनथ या भागांत आजही बाजारात मराठी चालते.

ताई सगळे शांतपणे ऐकत होत्या. मग त्यांनी विचारले, "भाऊ, आणि नातवंडं वाचतात का?"

आमची नात हैदराबादेत शिकते. तिला तेलुगू चांगले येते, येणे रास्तही आहे. २०१८ च्या कायद्याने ती भाषा राज्यातील सर्व शाळांत सक्तीची झाली आहे. मराठी तिला समजते. बोलताना ती दोन वाक्यांनंतर इंग्रजीत शिरते. वाचता येत नाही. आम्ही ताईंना म्हणालो, "समजते तिला." त्यांनी पुढे काही विचारले नाही.

त्या रात्री दोन टाक्यांमधल्या वीतभर समुद्राकडे पाहत आम्ही बराच वेळ जागे होतो. आठवत होती ती घरची लोखंडी पेटी. तीत मोडी लिपीतले दप्तर आहे: जमिनीची कागदपत्रे, काही पत्रे, एक जमाखर्चाची वही. आमचे आजोबा ते वाचीत. वडिलांना अर्धे लागे. आम्ही आयुष्यभर महसूल खात्यात काढले. १९८४ मध्ये वंशपरंपरागत पाटील-पटवारी पद्धत संपली तेव्हा गावोगावची दप्तरे सरकारजमा करून घेताना प्रत्येक कागदाची नोंद तपासणारे अधिकारी आम्ही पाहिले आणि पुढे त्याच शिस्तीत वाढलो. परंतु स्वतःच्या घरातल्या पेटीची यादी आम्ही कधी केली नाही. ताईंच्या मुलाला वही वाचता येत नाही म्हणून आम्हांस वाईट वाटले होते. आमच्याच घरी आम्ही तो मुलगा होतो, हे तोवर ध्यानात आले नव्हते.

बेने इस्राएल समाजाने दोनदा भाषा गमावल्याचे दिसते. पहिल्यांदा कोकणात हिब्रू गेली आणि मराठी आली. दुसऱ्यांदा इस्रायलमध्ये हिब्रू आली आणि मराठी चालली. पहिल्या वेळी धर्म टिकला कारण घाणा शनिवारी बंद राहत होता, म्हणजे एक गोष्ट दर आठवड्यास नेमाने घडत होती. भाषेलाही असाच नेम लागतो. शाळा, सरकार आणि संमेलने यांवर तो सोपवता येत नाही, असे आमचे मत बनले आहे. राज्याची भाषा मुलांनी उत्तम शिकावी. त्यात आपला विरोध असण्याचे कारण नाही. घरातील तास मात्र आपल्या हाती आहे.

परत आल्यावर आम्ही दोन कामे केली. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांना नांदेडहून बोलावून पेटीतील कागदांचे वाचन करून घेतले. बरेचसे वाळवीने खाल्ले होते. चौदा कागद शाबूत निघाले. त्यांतल्या एका पत्रात आमच्या पणजोबांनी आपल्या बहिणीला, पैनगंगेला उतार मिळाल्यावर पंचमीला यावे, असे लिहिले आहे. दुसरे काम नातीचे. दर रविवारी सकाळी फोनवरून ती आम्हांस एक पान मराठी वाचून दाखवते. पहिल्या वर्षी ती अडखळे, रडेही. आता वाचते. पणजोबांचे पत्र बालबोधीत उतरवून गेल्या दिवाळीत तिच्या हाती दिले. तिने ते वाचले आणि विचारले, "आजोबा, मग त्या आल्या का?"

ते त्या कागदांत लिहिलेले नाही. परंतु प्रश्न मराठीत विचारला गेला होता. आपल्या सभासदांपैकी ज्यांच्या घरी अशा पेट्या आहेत त्यांनी त्या या पावसाळ्यापूर्वी उघडाव्यात आणि घरातल्या सर्वांत लहान वाचकास शेजारी बसवून घ्यावे, एवढीच विनंती.